तीन झाल्या, चौथी राहिली: कोस्ट गार्डचा त्रिशूळ आणि एक प्रश्न

खारावारा
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो. आज धागा काढतोय, कारण घरात हा विषय निघाला की बायको आणि मुलगी दोघी उठून आत जातात.

मी अमेरिकेत ईशान्य किनाऱ्यावर राहतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. नागरिकत्व मिळालं त्या वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, इथल्या कोस्ट गार्ड ऑक्झिलरीत नाव घातलं. माहीत नसलेल्यांसाठी: ही कोस्ट गार्डची गणवेशातली स्वयंसेवक शाखा, १९३९ पासूनची. पगार शून्य, गणवेश स्वतःच्या खिशातून, हातात बंदूक नाही आणि कुणाला अडवायचा अधिकारही नाही.

बरेच जण बोटीवर गस्त घालायला मिळेल म्हणून येतात. मला गोडी लागली मरीन सेफ्टीची. कुणी बुडाल्यावर धावण्याचं काम वेगळ्या लोकांचं, आमचं काम त्याच्या कितीतरी आधी, बोट धक्क्याला बांधलेली असताना. या कामात चार वेगवेगळ्या पात्रता मिळवल्या, सुरुवातीचे अभ्यासक्रम पुरे केले आणि कामाच्या तासांची हजेरी भरली, की छातीवर लावायला एक बिल्ला मिळतो. त्रिशूळाचा. सगळे त्याला ट्रायडंटच म्हणतात.

पात्रता म्हणजे नुसती परीक्षा नव्हे. पीक्यूएस नावाची वही असते, त्यात कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे रिकामी जागा. ते काम आधीच पात्र असलेल्या माणसासमोर करून दाखवायचं. त्याचं समाधान झालं तर तो सही करतो, नाही झालं तर "पुढच्या वेळी बघू" म्हणतो. वही भरली की तोंडी परीक्षा, तिला बोर्ड म्हणतात. त्यातून सुटलात की वरून पत्र येतं.

माझ्या तीन झाल्यात: सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या बोटींची तपासणी, प्रदूषणाच्या तक्रारींमध्ये साहाय्यक आणि कंटेनर तपासणीत साहाय्यक. चौथीसाठी दोन वाटा दिसतात. एक ऑफिसातली, कागदपत्रं छाननीची. चार-पाच महिन्यांत उरकेल. दुसरी व्यावसायिक मासेमारी बोटींच्या तपासणीची. त्यात दोन हिवाळे सहज जातील, आणि सही देणारा आमच्याकडे एकच म्हातारा आहे, जो सह्या स्वतःच्या रक्ताने करत असल्यासारखा जपून वापरतो.

तर प्रश्न असा. बिल्ला आधी घेऊन बोटी सावकाश शिकाव्यात, की बोटी आधी?

चौकस_चिमणी
त्रिशूळ?? म्हणजे हर हर महादेव? 😄

खारावारा
पोसायडनचा हो. पण आमच्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने शंकराचाच धरला. सोमवार सुरू केलेत माझ्या नावाने.

स्पष्टवक्ता
बिल्ला म्हटलं की मला एसटीच्या कंडक्टरचा बिल्ला आठवतो. त्याला निदान बिल्ल्याबरोबर पगार होता.
रोखठोक बोलतो, राग मानू नका. पन्नाशीच्या आसपास माणसाला असा एखादा नाद लागतो. कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी सेंद्रिय टोमॅटो लावतं. तुम्ही बिल्ले जमवताय. जमवा की, पण त्याला समाजसेवा म्हणू नका.

खारावारा
@स्पष्टवक्ता, मी सत्तेचाळीसचा आहे. बाकी मुद्दे मान्य.

दर्यावर्दी_नसलेला
ग्रीन कार्डवर यात जाता येतं का?

खारावारा
नाही. नागरिकत्व लागतं, आणि वय सतरा पूर्ण. पार्श्वभूमीची तपासणीही होते.

निवृत्त_चीफ
अठ्ठावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून. तेव्हा मी तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस.

अमेरिकेच्या बंदरात कोस्ट गार्ड चढणार असं कळलं की आमच्या इंजिन रूममध्ये दोन दिवस आधीपासून दिवाळीची साफसफाई चालायची. बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी पाणी साचतं तिथे, थेंब दिसता कामा नये. कॅप्टन सगळ्या सर्टिफिकेटांची फाइल घेऊन तयार, स्टुअर्डला ताजी कॉफी करायचा हुकूम. त्यांची पद्धत मात्र ठरलेली नसायची. काही जण फाइलमध्येच रमायचे, दीड तासात सह्या ठोकून जायचे. काही जण फाइलकडे न बघता सरळ म्हणायचे, इमर्जन्सी फायर पंप चालू करा. तिथे खरी फे फे उडते. पंप आठवड्याला चालवल्याची नोंद असते हो, पण ऐन वेळी तो प्राइमच होत नाही, म्हणजे पाणीच ओढत नाही.

एकदा एक मुलगी आली होती. मुलगीच म्हणतो, माझ्या पुतणीच्या वयाची, चोवीस-पंचवीसची. अंगात बॉयलर सूट, हातात टॉर्च. बाकीचे वर ब्रिजवर, ही एकटी माझ्याबरोबर खाली. ऑइली वॉटर सेपरेटरपाशी गेली आणि जमिनीवर चक्क आडवी झाली. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या फ्लँजवर टॉर्च मारून मला विचारते, "चीफ, या चार बोल्टांवरचा रंग का तुटलाय?"

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी: तेलकट पाणी गाळल्याशिवाय समुद्रात सोडायला काही नग सेपरेटरला बगल देणारा पाइप जोडतात, त्याला बोलीभाषेत मॅजिक पाइप म्हणतात. बंदर आलं की तो काढून लपवायचा. पाइप लपवता येतो, पण बोल्ट उघडले की त्यांच्यावरचा रंग फुटतो, तो लपत नाही. आमच्याकडे तीन आठवड्यांपूर्वी गास्केट बदललं होतं, लॉगमध्ये नोंद होती, स्टोअरच्या वहीत गास्केट खर्ची पडल्याचंही होतं. तिने दोन्ही वह्या ताडून बघितल्या, थँक यू म्हणाली, कपडे झटकले आणि गेली. अमेरिकेत मॅजिक पाइपवरून चीफ इंजिनिअर तुरुंगात गेलेले आहेत, त्यामुळे त्या वीस मिनिटांत मला घाम फुटला होता हे कबूल करतो.

तिच्या छातीवर बिल्ला होता की नाही, आठवत नाही. बोल्ट आठवतात.

चौकस_चिमणी
चीफकाका, शेवटची ओळ 👌

माशाचं_कालवण
धाग्यापासून थोडं लांब जातेय. माझं माहेर कोकणातल्या मच्छीमारांचं. तांडेल सगळ्यांना लाइफ जॅकेट देतो आणि खलाशी ते उशाला घेऊन झोपतात. कुणी विचारलं तर, "अंगात घातलं की जाळं ओढवत नाय." हे खोटंही नाही. जुनी ती नारिंगी जाडजूड जॅकेटं घालून काम करून बघा एकदा.
तुमच्याकडे घालतात का?

खारावारा
@माशाचं_कालवण, छे. उशाची गोष्ट इथेही हुबेहूब तीच, फक्त उशी वेगळ्या देशातली. जॅकेट बोटीवर असायला हवं असा नियम आहे, तेव्हा असतं, खोक्यांच्या तळाशी. आता फुगवायची पातळ जॅकेटं आलीत, पट्ट्यासारखी. तरुण पोरं ती घालताना दिसतात. जुने लोक "मी चाळीस वर्षं पडलो नाही" या प्रमेयावर जगतात.

जुनी_कात्रणं
वर चीफसाहेबांनी दोन प्रकारचे तपासनीस सांगितले, त्यावरून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१५ जून १९०४. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये जनरल स्लोकम ही वाफेवरची प्रवासी बोट पेटली. चर्चची सहल होती, बहुतेक बायका आणि मुलं. हजाराहून जास्त माणसं गेली. लाइफ जॅकेटं बोटीवर होती, आणि महिनाभर आधीच सरकारी तपासनीसाने बोट पास केली होती. पण जॅकेटांतला बुचाचा भुगा कुजून गेलेला. आयांनी मुलांना जॅकेटं बांधून पाण्यात सोडलं आणि मुलं दगडासारखी खाली गेली. आगीचे नळ पाणी सोडताच फाटले. शिक्षा झाली ती कॅप्टनला. तपासनीसावर खटला चालला, पण तो दोषी ठरला नाही.

तेव्हा हे काम स्टीमबोट इन्स्पेक्शन सर्व्हिस नावाच्या खात्याकडे होतं. ते पुढे फिरत फिरत १९४२ साली तात्पुरतं आणि १९४६ साली कायमचं कोस्ट गार्डकडे आलं. म्हणजे धागाकर्ते जो त्रिशूळ लावू बघतायत त्याच्या वंशावळीत तो तपासनीसही बसतो.

स्पष्टवक्ता
बघा, म्हणजे माझाच मुद्दा. बिल्लेवाल्या माणसाने पास केलेली बोट. बिल्ला काय कामाचा?

जुनी_कात्रणं
तुमचा मुद्दा अर्धा धरतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हे घ्या. १२ फेब्रुवारी १९८३, मरीन इलेक्ट्रिक, कोळसा वाहणारं जहाज, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापुढे वादळात बुडालं. ३४ पैकी ३१ गेले. दुसऱ्या महायुद्धातलं जहाज वाढवून-जोडून चालवलेलं, हॅच कव्हरांना, म्हणजे मालाच्या कोठारांवरच्या झाकणांना भोकं, त्यावर ठिगळं. कागदावर सगळं व्यवस्थित, तपासण्याही झालेल्या. वाचलेल्यांत चीफ मेट होता, त्याने चौकशीत तोंड उघडलं. त्यानंतर तपासणीची पद्धत कडक झाली, थंड पाण्यात जाणाऱ्या जहाजांवर इमर्शन सूट (गार पाण्यात जीव तगवणारे अंगभर सूट) सक्तीचे झाले आणि हेलिकॉप्टरमधून उडी घेणारे रेस्क्यू स्विमर कोस्ट गार्डला कायद्याने ठेवावे लागले.
तर तपासणीचा उपयोग नाही असं नाही. वाईट तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षा घातक, कारण ती लोकांना निर्धास्त करते.

निवृत्त_चीफ
+१. मरीन इलेक्ट्रिक आम्हाला कोर्समध्ये शिकवत असत.

बर्फाळ_मावशी
इमर्शन सूटचा विषय निघाला म्हणून. माझे यजमान अलास्कात दोन वर्षं होते, तिथे एका प्रात्यक्षिकाला मीही गेले होते. लाल रंगाचा, हातापायांसकट एकसंध सूट. तो साठ सेकंदांत घालायचा. जमिनीवर पसरायचा, त्यावर बसायचं, आधी पाय, मग कमी कामाचा हात, मग डोक्यावर टोपी, मग दुसरा हात, आणि मग गळ्यापर्यंत चेन. घातल्यावर माणूस फुगलेल्या भोपळ्यासारखा दिसतो. हसून हसून पोट दुखलं होतं.
माझी चेन अर्ध्यावर अडकली. घड्याळ चालूच. शिकवणारी बाई शांतपणे म्हणाली, "आता तुम्ही पाण्यात आहात." नंतर तिने चेनला मेण कसं घासतात ते दाखवलं. वर्षानुवर्षं पिशवीत घडी घालून ठेवला की चेन गंजते, आणि नेमकी हवी तेव्हा हलत नाही.

दर्यावर्दी_नसलेला
साठच सेकंद का? कुणी ठरवलं?

बर्फाळ_मावशी
नियम कुणी केला माहीत नाही, कारण तिथे असं सांगितलं: गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. एक-दहा-एक. त्या दहा मिनिटांनंतर बोटं चेन पकडतच नाहीत. म्हणून सूट घालायचा तो कोरड्या डेकवर, बोट कलायला लागली की लगेच.

कुंपणावरचा_सरडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

हिशेबी_मानूस
मी देतो. बिल्ला आधी घ्या.
कारण व्यवहारी आहे. माणसाला टप्पे लागतात. माझं सीए तीन प्रयत्नांत झालं. मधल्या काळात ज्या मित्रांनी "खरं ज्ञान मिळवू, परीक्षेचं नंतर बघू" असं म्हटलं, त्यांचं ज्ञानही राहिलं आणि परीक्षाही. चार-पाच महिन्यांत होणारी गोष्ट करून टाका, त्रिशूळ लावा, फोटो काढा, आईला पाठवा, तिचे सोमवार सुटतील. मग शांतपणे बोटींकडे जा. बिल्ला मिळाल्यावर बोटी शिकायला कुणी बंदी घातलीय का?
शिवाय कागदपत्रांचं काम म्हणजे कमी प्रतीचं, हा सूर मला खटकला. चीफसाहेबांच्या गोष्टीत ती मुलगी शेवटी दोन वह्याच ताडत होती ना?

निवृत्त_चीफ
हे बरोबर बोललात. वह्या ताडल्या नसत्या तर माझीही सुटका झाली नसती.

गणवेशातली
मी इथल्या सक्रिय कोस्ट गार्डमध्ये नऊ वर्षं होते (हो, मराठी मुलगी, हो, घरी गहजब झाला होता, तो वेगळा धागा). आमच्याकडचा मरीन सेफ्टीचा बिल्ला वेगळा, पण चार पात्रतांची कथा तीच, आणि तुमच्यासारखा प्रश्न प्रत्येक ज्युनियरला पडतो. त्यामुळे दोन गोष्टी.

एक, बिल्ला बघून नाविक काही विचारत नाही, पण युनिटमधले लोक विचारतात. "चारांत काय काय आहे?" हा पहिला प्रश्न असतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं कुणी अवघड घेतली नि कुणी उरकली.

दोन, आणि हे हिशेबी_मानूस यांच्यासाठी: उरकलेल्या पात्रतेचा तोटा असा की पत्र आलं की तुम्हाला एकट्याला पाठवतात. माझ्याबरोबरच्या एकाने वहीतल्या सह्या मैत्रीखात्यात मिळवल्या. पहिल्याच एकट्याने केलेल्या तपासणीत एका जुन्या स्किपरने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, त्याला विचारलं, ही हायड्रोस्टॅटिक (बोट बुडाली की लाइफ राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, आपोआप सोडणारी कळ) उलटी बसवलीय का बघ रे. त्याला ती ओळखताच आली नाही. स्किपरला माहीत होतं, तो पोराची परीक्षा घेत होता.

ऑक्झिलरीवाल्यांबद्दल एक प्रेमाची तक्रारही आहे. आम्हाला तीन वर्षांत बदली, तुम्ही त्याच बंदरात वीस वर्षं. बोटी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात, आणि तरी सहीसाठी आमच्या पोरांच्या मागे फिरावं लागतं. ते मला तेव्हाही विचित्र वाटायचं.

चौकस_चिमणी
@गणवेशातली, तो वेगळा धागा कधी काढताय? इथे रांग लावून बसतो.

खारावारा
@गणवेशातली, तुम्ही हायड्रोस्टॅटिक म्हणालात आणि माझी जखम उघडलीत. सांगतोच आता, नाहीतर हा धागा काढण्यामागचं खरं कारण कधीच बाहेर येणार नाही.

मागच्या नोव्हेंबरात मी त्या कंजूष म्हाताऱ्याबरोबर धक्क्यावर गेलो होतो. साठएक फुटी ट्रॉलर. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या मासेमारी बोटींना ही तपासणी २०१५ पासून सक्तीची आहे, पाच वर्षांतून निदान एकदा. आम्ही दंड करत नाही. दोष लिहून देतो, दुरुस्त झाले की स्टिकर.

केबिनच्या छपरावर लाइफ राफ्टचा पांढरा पिंप होता. म्हाताऱ्याने मला वर चढवलं, स्वतः खाली उभा. म्हणाला, काय दिसतंय ते सांग.

मी सांगितलं. सर्व्हिसिंगचं लेबल, तारीख ठीक. हायड्रोस्टॅटिक रिलीज, दोन वर्षांची मुदत, संपायला सात महिने. पट्टा घट्ट, पिंपाला तडा नाही. पेंटर बांधलेला आहे.

तो म्हणाला, "कुठे?"

मी म्हटलं, इथे, रेलिंगला. चांगली गाठ आहे.

तो काही बोलला नाही. खालून नुसता बघत राहिला. मीही बघत राहिलो. डोक्यावर सीगल ओरडत होते आणि मला कळेना की माझं चुकलं काय. दोन मिनिटांनी तो म्हणाला, चल, उतर, कॉफी घेऊ. वहीत त्या ओळीपुढे सही नाही.

दर्यावर्दी_नसलेला
पेंटर म्हणजे रंगारी? त्याला का बांधला रेलिंगला 🙈

निवृत्त_चीफ
अरे देवा. खारावारा, आलं लक्षात.
@दर्यावर्दी_नसलेला, पेंटर म्हणजे राफ्टचा दोर. राफ्ट त्या पिंपात घडी करून ठेवलेला असतो. बोट बुडाली की दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने हायड्रोस्टॅटिकमधली सुरी चालते आणि पट्टा सुटतो. पिंप वर तरंगायला लागतो, बोट खाली जात असते, मधला दोर सुटत सुटत ताणला जातो. त्या ताणाने गॅसची बाटली उघडते आणि राफ्ट फुगतो. आता राफ्ट वर, बोट खाली, आणि दोघांना जोडणारा दोर. तो तुटायला हवा. त्यासाठी हायड्रोस्टॅटिकवर लाल रंगाची एक कच्ची कडी असते, वीक लिंक. पेंटर त्या कडीला बांधायचा. फुगलेल्या राफ्टच्या ओढीने कडी तुटते, राफ्ट मोकळा.
रेलिंगला पक्की गाठ मारली तर फुगलेला राफ्ट बोटीबरोबर तळाला.

माशाचं_कालवण
वाचून अंगावर काटा आला. आणि गाठ मारणाऱ्याने चांगल्याच हेतूने मारली असणार, राफ्ट वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून.

खारावारा
@माशाचं_कालवण, अगदी. स्किपरचं नेमकं हेच म्हणणं होतं. "सर्व्हिसिंगहून परत आल्यावर पुतण्याने बसवला, घट्ट बांध असं मीच सांगितलं," म्हणाला. म्हाताऱ्याने कॉफीनंतर त्याला सोडवून दाखवलं, माझ्यासमोर. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
तारीख बघितली, लेबल बघितलं, गाठीचं कौतुक केलं. जुनी_कात्रणं यांनी स्लोकमच्या तपासनीसाबद्दल लिहिलं तेव्हा मी लॅपटॉप मिटवून बाल्कनीत जाऊन आलो.
म्हणून तो ऑफिसातला पर्याय गोड वाटायला लागलाय. हे लिहिताना माझ्याच लक्षात येतंय.

स्पष्टवक्ता
हे आधी लिहिलं असतंत तर मी टोमॅटोची उपमा दिली नसती. मागे घेतो. आता उत्तर तुम्हालाच ठाऊक आहे, धागा कशाला काढलात?

हिशेबी_मानूस
मी माझ्या मतावर ठाम आहे. एका चुकीमुळे आलेला अपराधीपणा हे दोन हिवाळे थंडीत काढायचं कारण होऊ शकत नाही. उलट अशा मनःस्थितीत माणूस बोर्डासमोर अजून गडबडतो. आधी जमणारं एक काम करा, आत्मविश्वास येऊ द्या.

गणवेशातली
@हिशेबी_मानूस, पहिलं वाक्य पटलं, शेवटचं नाही. ज्याने एकदा पेंटर चुकवला तो पुन्हा कधी चुकवत नाही. मला विचाराल तर त्या म्हाताऱ्याने त्या दिवशी सहीपेक्षा मोठी गोष्ट दिली, पण त्यालाही ते सांगायला लावू नका, लाजेल.
@खारावारा, एक व्यावहारिक सल्ला. त्याला विचारा की हिवाळ्यात बोटी दुरुस्तीला लागतात तेव्हा नुसतं बरोबर येऊ का, वही न आणता. सहीची अपेक्षा नसली की असे लोक भडाभडा बोलतात.

कुंपणावरचा_सरडा
वही न नेण्याचा सल्ला जबरी. आमच्या पीएचडीच्या गाइडवर चालला असता तर आज मी डॉक्टर असतो.

---

खारावारा
धागा वर काढतोय. आठ महिने झाले. काही जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं, म्हणून.

वही न नेता गेलो. पहिल्या दोन फेऱ्यांत म्हातारा गप्प. तिसऱ्या वेळी त्याने आपण होऊन ईपर्ब (संकटात बोटीचा ठावठिकाणा कळवणारा रेडिओ) उघडून दाखवला, मग एका बोटीवर बिल्ज अलार्मचा फ्लोट हाताने उचलून वाजवायला लावला. अलार्म वाजला नाही. स्किपर म्हणाला, काल वाजला होता. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "काल नेहमीच वाजलेला असतो." (इंग्रजीत जास्त मजा होती.) मार्चमध्ये म्हणाला, पुढच्या वेळी ती वही घेऊन ये.

इमर्शन सूटच्या चेनला लावायला मेणाची एक कांडी आता खिशात असते, बर्फाळ_मावशींच्या कृपेने. चार सूटांमागे एकाची चेन अडकलेली मिळते, हा माझ्या खिशातल्या कांडीचा हिशेब, कुठल्या अहवालातला नाही.

वहीत सात ओळी उरल्यात. लाइफ राफ्टच्या ओळीवर सही झाली, जूनमध्ये, त्याच ट्रॉलरवर. पेंटर या वेळी वीक लिंकला होता. पुतण्याने मला तो लांबूनच दाखवला, मी वर चढायच्या आधी.

ऑफिसातली पात्रताही सुरू केलीय. हिशेबी_मानूस, तुमचं ऐकलं थोडंसं. मंगळवारी संध्याकाळी जातो. कंटाळवाणी आहे, पण गेल्या आठवड्यात एका अर्जात दोन वेगवेगळ्या जन्मतारखा सापडल्या आणि मला विनाकारण फार आनंद झाला.

हिशेबी_मानूस
विनाकारण नाही. स्वागत आहे आमच्या जगात.

निवृत्त_चीफ
फ्लोटचं वाक्य आमच्या जहाजावर लावायला हवं होतं, इंजिन कंट्रोल रूममध्ये, मोठ्या अक्षरात.

बर्फाळ_मावशी
कांडी पॅराफिनची घेतलीत की मधमाश्यांची? मऊ असते ती उन्हात खिशात वितळते, सांगून ठेवते.

खारावारा
मावशी, वितळली. गणवेशाच्या पँटला डाग आहे. गणवेश स्वखर्चाने, हे वर लिहिलंच आहे.

चौकस_चिमणी
आणि आईचे सोमवार?

खारावारा
चालू आहेत. म्हणाली, त्रिशूळ आल्याशिवाय सोडणार नाही, तू घाई करू नकोस, मला साबुदाणा आवडतो.

नवा_गडी_४२
छान धागा. ग्रीन कार्डवर यात जाता येतं का?

कुंपणावरचा_सरडा
😑